वाचताय की पाठ करताय?

वाचनालय, काउंटरवरून
दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक कान पिळणे.

जानेवारीत दोन दिवस येऊन तू आमच्या वाचनालयात तुझी ती संगणकाची प्रणाली बसवून गेलास. दिवसभर पडद्याकडे बघून माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, म्हणून हे कागदावर लिहितेय. तूही कागदावरच उत्तर दे. मेसेज टाकलास तर वाचणार नाही.

आधी चांगलं सांगते. चोवीस वर्षं मी देवघेवीच्या वह्या भरल्या. आता पुस्तक कुठल्या कपाटात आहे, कोणी नेलंय, कधी येणार, हे सगळं एका बटणावर कळतं. हे मला आवडलं आहे. परत सांगणार नाही.

आता वाईट. तुझ्या प्रणालीला आपली भाषा कोणी शिकवली? आमच्या देवघेव विभागाचं नाव पडद्यावर ‘रक्ताभिसरण विभाग’ असं येतं. नियतकालिकांच्या पानावर ‘मालिका’ लिहिलंय, त्यामुळे दोन आजीबाई टीव्ही कुठे लावलाय ते विचारून गेल्या. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठीला ते ‘पाठीच्या कण्याची चिठ्ठी’ म्हणतं. काल समोरच्या शिंपीणबाईंनी स्वेटरच्या विणकामाचं पुस्तक नेलं. त्यांच्या पावतीवर छापून आलं: ‘आश्रयदाता क्रमांक ४१२, तुमची समस्या यशस्वी झाली आहे.’ त्या घाबरून परत आल्या आणि आपल्याला कुठलीच समस्या नाही, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

काका वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष असल्यामुळे त्यांना हे दिसायलाच हवं होतं आणि दिसलं. मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांची तर्जनी अजून निवृत्त झालेली नाही. ते म्हणाले की ही प्रणाली अडाणी आहे, आणि मार्चअखेर ती सुधारली नाही तर वह्या पुन्हा बाहेर काढायच्या. शिवाय समितीपुढे कागद ठेवायचा म्हणून त्यांनी प्रणालीच्या मालकाची सही मागितली आहे. मालक कोण, ते कळव.

एक सांगू? इथे येऊन तू माझ्याकडे राहिलास आणि दोन गल्ल्या पलीकडे काकांकडे डोकावला नाहीस, हे त्यांना कळलं आहे. शाळेतली कायमची नोकरी सोडलीस म्हणून ते सहा वर्षं तुझ्याशी बोलत नाहीत, हे खरं. पण तू आला होतास तेव्हा स्वेटर घातला होतास का, हे त्यांनी मला विचारलं.

माझा लोभ तुझ्यावर आहे तेवढा आहे. उत्तर लवकर आलं तर वाढेल.
तुझी ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि. (यातला दुसरा ‘वि.’ कशाचा, ते मला आजतागायत ठाऊक नाही. काकांना विचारू नकोस.)

‘समस्या यशस्वी झाली’ हे मी कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवलं. आमचा एक जण हसता हसता खुर्चीवरून खाली पडला.

मालकाबद्दल: मालक नाही. चेष्टा नाही, खरंच नाही. ही प्रणाली जगभरातल्या काही ग्रंथपालांनी आणि माझ्यासारख्या उचापतखोरांनी मिळून केली आहे. ती आतून कशी चालते, हे कोणीही उघडून बघावं. चुकीचं दिसलं तर दुरुस्त करावं. ती दुरुस्ती मग सगळ्यांना मिळते. समज, गावात एकच मोठी पोळपाट-लाटण्याची जोडी आहे आणि ती ज्याला हवी तो घेऊन जातो, फक्त तुटली तर दुरुस्त करून ठेवतो. उदाहरण बरोबर जमलं नाही, पण तू समजून घेशील.

भाषेचा घोळ असा की भाषांतर कोणीतरी शब्दकोश समोर ठेवून एका बैठकीत उरकलं, आणि ते तपासायला कोणी आलंच नाही. पुस्तक ‘इश्यू’ करणं याची ‘समस्या’ झाली ती अशी. आपल्या भाषेच्या भाषांतराला मंजुरी देणारा सध्या एकच माणूस आहे. तो मी. आणि मी न वाचता मंजुरी दिली होती. हे काकांना सांगू नकोस.

तेव्हा दुरुस्ती तूच कर. मी थट्टा करत नाही. तू काउंटरवर लोकांशी जशी बोलतेस, तशी वाक्यं लिही आणि मला पाठव. सोबत मूळ वाक्यांची यादी जोडतो आहे, दोनशे चौदा आहेत. घाई नाही, म्हणजे आहे.

मी स्वेटर घातला होता. निळा. त्यांना सांगायचं तर सांग.

लोभ वाढवायला माझी काही हरकत नाही.
तुझा,
धाकटा


दि. २ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, गेल्या वेळेपेक्षा थोडे जास्त.

सोबत बावीस पानं आहेत. दोनशे चौदा वाक्यं लिहिली. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण रात्री जेवण झाल्यावर भांडी तशीच ठेवून लिहीत बसले, एवढं सांगितलं तरी तुला काय ते कळेल. चोवीस वर्षांत माझं बोलणं लोकांनी ऐकलं खरं, पण लिहून घ्यावंसं कोणाला वाटलं नव्हतं.

आश्रयदाता काढून ‘वाचक’ केला. रक्ताभिसरण काढून ‘देवघेव’ केलं. हे सोपं होतं. बाकीचे काही नमुने इथेच देते, म्हणजे बरोबर जातेय की नाही ते तू सांगशील.

पुस्तक नेताना: ‘पुस्तक तुमचं झालं. चौदा दिवसांपुरतं.’

परतीच्या आदल्या दिवशी: ‘उद्या पुस्तक आणायचं आहे. शेवटची दहा पानं राहिली असतील तर आज टीव्ही बंद ठेवा.’

महिना उलटला की: ‘महिना झाला. वाचताय की पाठ करताय?’

शोधून काही मिळालं नाही तर: ‘असं पुस्तक सापडलं नाही. नाव नक्की हेच ना? नुसतं निळं मुखपृष्ठ आठवत असेल तर काउंटरवर या.’

परवलीचा शब्द चुकला तर: ‘चुकलं. मोठ्या अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलंय का बघा. नेहमी तेच असतं.’

नोंद पुसण्याआधी: ‘नक्की? एकदा पुसलं की मग रडून उपयोग नाही.’

आणि वर्षानुवर्षं पुस्तक न आणणाऱ्यांसाठी: ‘अहो, इतकी वर्षं झाली. एव्हाना त्या पुस्तकाला तुमच्या घरचं वळण लागलं असेल. तरी ते आमचं आहे. आणून द्या, कोणी रागावणार नाही.’ वर्षांचा आकडा तुझ्या यंत्राने भरायचा.

याच्यावरून आठवलं. मी जुन्या वह्यांमधली थकलेली पुस्तकं यंत्रात चढवत होते. सगळ्यांत जुनं कोणाकडे निघालं असेल? काकांकडे. पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक, चारशे पानांचं. नऊ वर्षं झाली. जो माणूस शाळेत पट्टी हरवली तरी प्रार्थनेनंतर उभं करायचा, तो नऊ वर्षं पक्षी घेऊन बसला आहे! मी तोंड उघडलेलं नाही आणि उघडणार नाही. तू एवढंच कर: आठवण पाठवायची सोय माझ्या वाचनालयापुरती बंद ठेव. विसरू नकोस. तीनदा वाच ही ओळ.

पानं हरवलीस तर लोभ राहणार नाही.
तुझी ताई


दि. १९ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि., आणि या वेळी नमस्कार खरोखरच साष्टांग आहे. जमिनीवर पडूनच लिहितो आहे असं समज.

तुझी वाक्यं मी टंकली. हसत टंकली, त्यामुळे लक्ष नव्हतं. ती तुझ्या वाचनालयापुरती ठेवायची म्हणून मी वेगळी काढली होती, पण चढवताना चुकीच्या जागी चढली. मंजुरी देणारा मीच. मी दिली. परवा प्रणालीची नवी आवृत्ती निघाली आणि आपल्या भाषेत चालणाऱ्या एकसष्ट वाचनालयांत तू बोलायला लागलीस.

आता पुढचं बसून वाच. नव्या आवृत्तीत आठवण पाठवायची सोय आपोआप चालू होते. मी तुझ्याकडची बंद केली होती, शपथ. नवी आवृत्ती आली आणि ती पुन्हा चालू झाली.

एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी लेखी तक्रार केली आहे की त्यांना ‘पाठ करताय?’ असं विचारण्यात आलं, आणि ते खरोखरच पाठ करत होते. दुसऱ्या एका ठिकाणी ग्रंथपालांनी कळवलं की दोन दिवसांत एकशे साठ पुस्तकं परत आली, त्यांतली काही पळत आली. एका बाईंनी फोन करून विचारलं म्हणे की संगणकातल्या त्या ताई कोण, त्यांचा आवाज ऐकू येतो का.

आता तू सांग, तुझ्याकडे काय झालं? काही झालं नसेल तर सुटलो.

लोभ मागायला तोंड नाही.
धाकटा


दि. २१ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद पुढच्या पत्रात देईन. तुझं पत्र काल आलं. एक दिवस उशीर झाला.

परवा संध्याकाळी समितीची बैठक होती. वाचनकक्षातल्या लांब टेबलाभोवती सगळे नऊ जण बसले होते. दातांचे डॉक्टर इतिवृत्त लिहीत होते आणि काका शिस्त या विषयावर बोलत होते. तुला ठाऊक नसेल, काकांना फोनवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्यांनी आलेला मजकूर फोनने मोठ्याने वाचावा अशी व्यवस्था करून घेतली आहे. तर शिस्तीचं वाक्य अर्ध्यावर असताना त्यांच्या खिशातून एक बाई ठणठणीत आवाजात बोलायला लागली. अहो, नऊ वर्षं झाली. एव्हाना त्या पुस्तकाला तुमच्या घरचं वळण लागलं असेल.

काकांनी खिसा दाबला. बाई थांबली नाही. त्यांनी फोन बाहेर काढून उलटा धरला, मग रुमालात गुंडाळला. रुमालातून तिने सांगितलं की आणून द्या, कोणी रागावणार नाही. मग पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक आणि नेल्याची तारीख सावकाश वाचली. दातांच्या डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं, ते मिटेना.

मला हसू आलं नाही, हे तुला खरं वाटेल का? काकांचे कान लाल झाले होते. आई-बाबा गेल्यावर आपल्या दोघांच्या शाळेच्या पिशव्या याच माणसाने भरल्या. मी उठून पाणी दिलं. त्यांनी ग्लास परत ठेवला आणि वाक्यं कोणी लिहिली ते विचारलं. मी लिहिली म्हणून सांगितलं. ते उठून गेले.

आज सकाळी समितीचं पत्र आलं. प्रणाली काढून टाकणे आणि ग्रंथपाल बदलणे, या दोन विषयांवर पाच एप्रिलला खास बैठक. मी लेखी खुलासा द्यायचा आहे. काय खुलासा देऊ? वाक्यं माझीच आहेत, आणि मला ती अजूनही आवडतात.

या काउंटरशिवाय मी सकाळी उठून कुठे जायचं, ते तूच सांग.
ताई


दि. २५ मार्च

ती. स्व. काकांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

सहा वर्षांनी पत्र लिहितो आहे. लिहायला मिळालेलं हे कारण मला आवडलेलं नाही.

बैठकीत जे झालं त्यात ताईची काही चूक नाही. तिने आठवण पाठवायची सोय बंद ठेवायला मला बजावून सांगितलं होतं, तिच्या पत्राची ती ओळ सोबत जोडली आहे. चूक माझी. मी न तपासता मंजूरी दिली. तुम्ही शाळेत म्हणायचात की मी उत्तरपत्रिका दूसऱ्यांदा वाचत नाही. अजूनही वाचत नाही.

शिक्षा करायची तर मला करा. तिला काढू नका. प्रणाली हवी तर काढा, पण तिची वाक्यं ज्या वाचनालयांत गेली तिथून लोक आभार कळवताहेत. त्यांत कुठे चूक असेल तर ती कोणालाही दुरुस्त करता येते, अगदी तुम्हालासुद्धा. तेवढ्यासाठीच ही प्रणाली उघडी ठेवलेली आहे.

तुमच्या लोभाची आशा ठेवून,
धाकटा


दि. ३० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ते तपासून सोबत परत पाठवीत आहे. ‘मंजूरी’ नव्हे, ‘मंजुरी’. ‘दूसऱ्यांदा’ नव्हे, ‘दुसऱ्यांदा’. वळण सुधारले आहे. दहापैकी सहा.

आता एक गोष्ट लिहितो, जी मी कोणास सांगितलेली नाही. पक्ष्यांचे ते पुस्तक मी वाचावयास नेले, हे खरे. तिसऱ्या पानावर ‘घुबड दीवसा झोपते’ असे छापले होते. मी पेन्सिलीने ‘दि’ ऱ्हस्व केला. एवढेच करणार होतो. पाचव्या पानावर ‘पंख’ या शब्दावर अनुस्वार नव्हता. मग मात्र मला थांबता आले नाही. चारशे आठ पाने मी दुरुस्त केली. एके ठिकाणी लेखकाने पोपट हुबेहूब माणसासारखा बोलतो म्हटले आहे, तेथे मी ‘विधान धाडसी, पुरावा?’ असे लिहिले. क्रौंच पक्ष्याच्या नृत्याच्या वर्णनापुढे ‘तपशील अनावश्यक’ असा शेरा आहे. सूचीदेखील तपासली.

आणि मग लक्षात आले की हे पुस्तक माझे नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघ मारली म्हणून मी मुलांना वर्गाबाहेर उभे करीत असे. खोडून पाहिले. कागद फाटू लागला. परत कोणत्या तोंडाने देणार? एक वर्ष गेले, मग दुसरे. तुझ्या बहिणीच्या वाक्यात ‘कोणी रागावणार नाही’ असे होते. ते त्या क्षणी मला खरे वाटले नाही. घरी येऊन चार वेळा वाचले.

तू लिहितोस की प्रणालीतील चुका कोणीही दुरुस्त करू शकतो. हे खरे आहे काय? म्हणजे लोक त्याबद्दल रागावत नाहीत? तुझ्या बहिणीच्या दोनशे चौदा वाक्यांत मला सदतीस ठिकाणी सुधारणेस वाव दिसतो. त्यासाठी अर्ज कोणाकडे करावयाचा आणि पेन्सिल चालते काय, हे उलटटपाली कळविणे.

लोभ होताच. तो व्यक्त करण्याचा प्रसंग आला नव्हता.
तुझा काका


दि. ६ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. गेल्या पत्रातले राहिलेलेही यातच धर.

काल बैठक झाली. मी खुलासा लिहिलाच नाही, नुसती जाऊन बसले. जाताना मी कपाटांच्या किल्ल्या सुतळीत ओवून नेल्या होत्या, परत द्यायला.

काका आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बोचकं घेऊन. बसले नाहीत. त्यांनी बोचकं सोडलं, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सांगितलं की आपण ग्रंथालयाच्या पुस्तकात चारशे आठ पानांवर लिहिलं आहे. हा गुन्हा आहे आणि आपण अध्यक्षपदाचा राजीनामा देत आहोत. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले की वाक्य चांगलं होतं, फक्त ‘अहो’नंतर स्वल्पविराम ऐकू आला नाही.

दातांच्या डॉक्टरांनी पुस्तक ओढून घेतलं आणि उघडलं. पान उलटलं. मग आणखी एक. त्यांना हसू फुटलं, मग शेजारच्यांना. ‘विधान धाडसी, पुरावा?’ हे त्यांनी मोठ्याने वाचलं. काका आधी ताठ उभे होते. मग हळूच पुढे झुकून त्यांना सांगायला लागले की एकशे बारा पान बघा, तिथे कावळ्याचं जमलंय. पाऊण तास बैठकीत दुसरं काही झालंच नाही. राजीनाम्याचा कागद कोणीतरी खूण म्हणून पुस्तकातच घातला, तो अजून तिथेच आहे.

शेवटी डॉक्टरांनी इतिवृत्तात लिहिलं की दोन्ही विषय मागे घेतले. मालकाच्या सहीच्या रकान्यात काकांनी स्वतःच्या हाताने ‘मालक नाही, दुरुस्ती करणारे पुष्कळ’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. किल्ल्या मी पदराखाली लपवून परत आणल्या.

आता नवीन डोकेदुखी ऐक. ते पक्ष्यांचं पुस्तक नऊ वर्षांत कोणी मागितलं नव्हतं. आज त्याच्यासाठी सतरा जणांनी नाव लावलं आहे. शिंपीणबाई पहिल्या. त्यांना पक्ष्यांशी देणंघेणं नाही, त्यांना शेरे वाचायचे आहेत. आणि काका आज दहा वाजताच येऊन माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलेत आणि माझी वाक्यं तपासताहेत. ‘रडून उपयोग नाही’ यावर आमचं सकाळपासून भांडण चाललं आहे. त्यांना ‘रडण्याचा उपयोग होणार नाही’ हवंय. मी सांगितलं की एवढं बटणावर मावत नाही. ते म्हणाले की मग बटण मोठं करायला सांग.

बटण मोठं करून दे रे. घरात शांतता नांदेल.

लोभ भरपूर आहे, तू ये आणि मोजून घे.
तुझी ताई


दि. १४ मे

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि. (‘विनंती विशेष’. काकांनी न विचारता कळवलं.)

बटण मोठं केलं.

तुला माहीत असेलच की गेल्या महिन्यात आपल्या भाषेच्या भाषांतराला मंजुरी द्यायचं काम मी सोडलं आणि प्रणालीवर काम करणाऱ्या इतरांच्या मताने ते काकांकडे गेलं. सात देशांतल्या अकरा जणांनी त्यांना मत दिलं. त्यांतल्या कोणालाही आपली भाषा येत नाही. पण तीन आठवड्यांत नऊशे दुरुस्त्या पाठवणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. काकांनी सगळ्यांना आभाराचं एकच पत्र पाठवलं आणि त्यांच्या इंग्रजीतल्या चुकाही कळवल्या. ते लोक खूश आहेत.

खूश नाही तो मी. एकसष्टपैकी अठ्ठावन्न वाचनालयांनी तुझीच भाषा ठेवली आहे, तिघांना ती फार मोकळी वाटते. त्यांच्यासाठी मी जरा औपचारिक अशी चार वाक्यं लिहिली. चारच. मंजुरीसाठी काकांकडे गेली. परत आली. खाली शेरा होता: ‘पुन्हा लिहून आण.’ मी पुन्हा लिहिली. परत आली. तिसऱ्यांदा कोशात बघून, शेजाऱ्याला दाखवून, दोनदा वाचून पाठवली. मला त्यांत एकही चूक दिसत नव्हती.

आज परत आली. खरंच एकही दुरुस्ती नाही, सगळ्या वाक्यांपुढे बरोबरची खूण आहे. तरी खाली मंजुरी नाही. खाली लिहिलंय: ‘पुन्हा लिहून आण. यंत्रातून पाठवू नये. स्वतः घेऊन ये, आणि आधी माझ्या घरी.’

शनिवारी सकाळी निघतो आहे.

तुझा,
धाकटा